हजेरीपट आणि कापसाची वेचणी

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा उघडते, गुरुजी हजेरी घ्यायला बसतात आणि एकामागून एक नावांपुढे फुली पडत जाते. पोरे कुठे आहेत हे गुरुजींना ठाऊक असते, सरपंचाला ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक असते. शाळेच्या खिडकीतून पऱ्हाटी दिसते आणि पऱ्हाटीत पोरे दिसतात. मात्र कागदावर त्यांची नोंद 'सतत गैरहजर' अशी होते आणि पालकाला नोटीस येते. गेल्या हंगामात मालेगाव आणि मंगरूळपीर तालुक्यांतल्या आमच्या काही कार्यकर्त्यांकडे अशा नोटिसा घेऊन माणसे आली. एकाने विचारले, "आता पोरगं शाळेत नाही गेलं तर आपल्याले दंड होते का?" या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे आणि त्या उत्तरामागचे अवघड प्रश्नही मांडावेत, म्हणून या अंकाची ही जागा शाळेच्या हजेरीला दिली आहे. कापसाच्या भावाचा विषय मागच्या पानावर आहेच.

सरळ उत्तर असे: शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्यासाठी पालकाला कसलीही शिक्षा ठेवलेली नाही. 'सक्तीचे शिक्षण' हा शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि सक्ती आपल्यावर आहे असे समजतो. कायद्याने त्या शब्दाचा अर्थ फोडून सांगितला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दाखला, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होणे, याची खात्री करण्याचे बंधन सरकारवर आहे. नववे कलम हेच काम जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांवर टाकते. म्हणजे पोर वर्गात नसेल तर पहिला जाब द्यायचा तो त्यांनी. नोटीस मात्र येते तुमच्या घरी.

हे वाचून कोणी खूश होऊन पोरीला पुन्हा वावरात न्यायला निघाला असेल तर त्याने पुढचेही वाचावे. दंड नाही, पण किंमत आहे, आणि ती वाढत चालली आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हते. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. वेचणीचे दोन महिने ज्याचे बुडाले तो पाचवीला अडणार, हे सांगायला पंचांग नको. पुढे दहावीला परीक्षा मंडळाचा पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. त्यात जो बसत नाही तो शेवटी शाळा सोडतो आणि १७ नंबरचा फॉर्म भरतो. १७ नंबरच्या फॉर्मवर पास होणारे आहेत, पण आपल्या तालुक्यात फॉर्म भरून पेपरलाच न गेलेले किती, ते आपापल्या गावात आठवून बघावे.

शिवाय एक नियम पालकांना कोणी सांगत नाही. एक महिन्यापेक्षा जास्त काळ सलग गैरहजर असलेले मूल सरकारच्या लेखी 'शाळाबाह्य' ठरते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली, तीही याच व्याख्येवर. तीस दिवस! पहिल्या वेच्यापासून दुसऱ्या वेच्यापर्यंतचा काळ मोजा, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या मानोऱ्याच्या तांड्यातल्या कुटुंबाचा पहिला पंधरवडा मोजा. पोराला शाळाबाह्य व्हायला फार वेळ लागत नाही.

हजेरीचे नियम करणारी माणसे शेतीच्या कामाचे तास कधी मोजत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. आम्ही कृषी महाविद्यालयात कापसाचे शास्त्र शिकलो, पण कापसाचे घड्याळ आणि शाळेचे घड्याळ एकच आहे हे तिथे कोणी दाखवले नाही. ते वावरात कळले. ज्वारीचे तसे नव्हते. पाखरे दाण्यावर येतात ती तांबडे फुटताना आणि दिवस कलताना. पोरगा पहाटे गोफण घेऊन माळ्यावर चढायचा, पाखरे हाकायचा, न्याहारी करून शाळेत जायचा आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर. राखणीने झोप मोडली असेल, पण हजेरी मोडली नाही. आपल्या बापांनी ज्वारीची राखण करत करतच मॅट्रिक केले.

कापसाचे काय होते? सकाळी बोंडावर दव असते. दवातला कापूस वेचून ढीग मारला तर तो तापतो, पिवळा पडतो. खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. म्हणून शहाणा शेतकरी दव उडाल्याशिवाय वेचणीला बाया लावत नाही. दव उडते नऊ-दहाच्या सुमारास आणि शाळेची घंटा होते दहा-साडेदहाला. शाळा सुटते पाचला, मार्गशीर्षात दिवस मावळतो पावणेसहाला. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला पूर्ण बंदी झाली आणि स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली ती 'शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत'. ज्याने ही ओळ लिहिली त्याने पऱ्हाटी बहुधा चित्रातच पाहिली असावी. कापसाला शाळेच्या वेळेनंतरची वेळच नाही. उरतो शनिवारचा सकाळच्या शाळेनंतरचा दिवस, आणि रविवार.

वेचणी किलोवर असते, ही दुसरी गोष्ट. रोजाच्या मजुरीत पोराला अर्धा रोज देऊन टाळता येते, किलोच्या कामात पोराचा ओटा बापाच्या ओट्याइतकाच खरा असतो. हल्लीच्या हंगामांत दर गावोगावी वेगळा असला तरी किलोला दहा रुपयांच्या घरात पोचला आहे. वीस किलो वेचणारी बारा वर्षांची पोरगी दिवसाला दोनशे रुपये घरी आणते. तिने शाळेत यावे म्हणून सरकारने काय दिले? १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला. पहिली ते चौथीतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला फार तर दोनशेवीस. तीस वर्षे उलटली, तुरीची डाळ कुठून कुठे गेली, भत्त्याचा रुपया रुपयाच राहिला. वर्षभराच्या हजेरीची सरकारी किंमत आणि वेचणीच्या एका दिवसाची कमाई जवळजवळ सारखी!

हजेरीला बक्षीस जोडण्याचे प्रयोग सरकारने आणखीही केले, त्यातला एक आठवण ठेवण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवलेले अन्न मिळत नव्हते. महिन्याला तीन किलो धान्य मिळायचे, पण ज्या मुलाची त्या महिन्यातली हजेरी ऐंशी टक्के असेल त्यालाच. आपल्याकडे तांदळाची पोती यायची आणि गुरुजी हजेरीपट उघडून बसायचे. ज्या घराचे वेचणीशिवाय भागत नव्हते, त्याच घराच्या पोराची हजेरी कार्तिक-मार्गशीर्षात ऐंशीच्या खाली जायची आणि त्याच घराचा तांदूळ बंद व्हायचा. मजुरीला गेले म्हणून तांदूळ गेला, तांदूळ गेला म्हणून पुन्हा मजुरीला. काही गुरुजी दयेने फुलीच्या जागी हजेरी मांडत. त्यांना दोष देणे आमच्या जिवावर येते, पण खोट्या हजेरीची सवय तिथेच लागली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण द्यायचा आदेश दिला आणि पुढे खिचडी आली. खिचडीचा हिशेब साधा आहे: आज आला तो आज जेवला. महिन्याच्या टक्केवारीवर बसलेली शिक्षा गेली. खिचडीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत; अळ्या निघाल्या, डाळ पातळ, सगळे खरे असेल. तरी हजेरीचा नियम म्हणून आम्हाला खिचडी तांदळापेक्षा शहाणी वाटते.

खोट्या हजेरीचा शेवट कुठे झाला तेही सांगितले पाहिजे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटाला शाई लावून मोजले. पटावरची सुमारे वीस लाख मुले जागेवर सापडली नाहीत. अनुदानासाठी खोटी नावे चढवणारे संस्थाचालक होते आणि ते उघडे पडले, हे बरेच झाले. पण मोजणीला दिवस निवडले ते ऑक्टोबरचे पहिले! आपल्याकडे तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेले असते. त्या वीस लाखांत किती पोरे खोटी होती आणि किती वावरात होती, हे शाईने कळत नाही.

आता पटावरच शाळेचे अस्तित्व आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. तांड्यावरच्या, वाडीवरच्या शाळा याच मापाच्या. आठ-दहा कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर गेली, त्यांची पोरे तिकडे गेली की इथला पट ढासळतो. शाळा उठली की पहिलीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम कागदावर राहतो. पोरगा सायकलवर जाईल, पोरगी घरी बसेल. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला एस.टी.चा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा मानव विकासच्या निळ्या गाड्या उभ्या राहिल्या आणि आठवी-नववीच्या पोरी घरी राहिल्या. त्यातल्या काही परत शाळेत गेल्याच नाहीत, त्यांची लग्ने झाली. अंतर आणि हजेरी यांचे नाते तेव्हा आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

मग करायचे काय? आमचा पहिला विचार सुट्टीचे वेळापत्रक बदलण्याचा होता. तो आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला. मुद्दे असे: विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर तरी उशिरा उघडतात, म्हणजे जागा पाहून वेळापत्रक बदलता येते. राज्याच्या सुट्ट्यांच्या नियमात वर्षाच्या सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नकोत असे आहे. पण त्याच नियमात माध्यमिक शाळांना दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने गणेशोत्सवाला किंवा नाताळला ती देता येते. गणपतीसाठी सुट्टी सरकते तर वेचणीसाठी का सरकू नये? शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचे काम स्थानिक संस्थेवर सोपवले आहे. म्हणजे जिल्हा परिषदेला हा अधिकार आहे, आणि आजवर तिने तो आपल्या शेतकऱ्यांसाठी वापरलेला आम्ही पाहिला नाही. परदेशाचे दाखलेही आहेत. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजून 'बटाट्याची सुट्टी' म्हणतात, कारण ती बटाटे काढायला पोरे लागत म्हणून सुरू झाली. अमेरिकेतल्या मेन राज्यात बटाट्याच्या पट्ट्यात काही शाळा अजूनही काढणीसाठी बंद राहतात. शेजारच्या इंग्लंडात मात्र विनापरवानगी शाळा बुडवली तर आईबापांना दंड आहे, ऑगस्ट २०२४ पासून एकेकाला ८० पौंड.

बैठकीला आलेल्या बायांनी हा विचार उचलून धरला नाही. एका मजूर बाईने स्पष्ट सांगितले, "सुट्टी देसान तं पोरगी पुरा दिवस वावरातच राहीन. आता निदान अर्धे दिवस तरी शाळेत जाते." दुसरी म्हणाली ते आमच्या डोक्यात आलेलेच नव्हते: "मी पोरगी कापसासाठी नाई ठेवत भाऊ. धाकलं लेकरू कोन पाह्यन?"

यावर बैठक बराच वेळ चालली आणि आमचा मसुदा बाजूला राहिला. गावोगावच्या बाया एकच सांगत होत्या. अंगणवाडी दुपारी सुटते. आई वावरातून येते दिवे लागणीला. मधले चार-पाच तास दोन वर्षांचे लेकरू कोणाकडे? म्हातारी असेल तर म्हातारीकडे, नसेल तर थोरल्या पोरीकडे. ती पोरगी तिसरीत असो की सहावीत. म्हणजे हजेरीपटावरच्या पुष्कळशा फुल्या वेचणाऱ्या पोरींच्या नाहीतच, त्या पाळणा हलवणाऱ्या पोरींच्या आहेत. पोरगा वेचायला गेला तर दोनशे रुपये तरी दिसतात. ही पोरगी घरी राहिली म्हणून तिच्या आईला रोज मिळाला, पण तिचे काम कोणाच्याच हिशेबात नाही, आईच्याही नाही. उत्पादनखर्चाचे तक्ते आम्ही इतकी वर्षे करतो आहोत. बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी, सगळे धरतो. धाकट्याला सांभाळणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीची शाळा हा कापसाच्या खर्चातला आकडा आहे, हे आमच्याही तक्त्यात आले नव्हते. ही आमची चूक, आणि ती इथे छापून टाकतो.

कारखान्यात बायांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की पाळणाघर पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने मानले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही कामावर पाच वर्षांखालची पाच लेकरे असली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद केली होती. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धोरण आहे. शहरातल्या नोकरदार आईसाठी ते कुठे कुठे सुरू झाले असेल. कापूस वेचणारी आई नोकरदार नाही काय? कार्तिक ते पौष एवढे तीन महिने गावची अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवावी, त्यासाठी गावातल्याच एका बाईला जादा मजुरी द्यावी, ही आमची जिल्हा परिषदेकडे पहिली मागणी असेल. वेळापत्रकाची मागणी दुसऱ्या क्रमांकावर गेली आहे. तिचेही रूप बदलले आहे: गावोगावी ठराव होऊन, बायांचा कौल घेऊन, ज्या गावाला हवे त्यानेच मागावे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. त्या काळी रुपया म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारावे. दंडाचे कौतुक करणारे एवढेच सांगतात. पण कोल्हापुरातले पहिले वसतिगृह उघडले होते १९०१ साली. आधी सोळा वर्षे पोरांच्या राहण्याजेवण्याची सोय, मग दंड. आपल्या वऱ्हाडात भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनीही अमरावतीला छात्रालयापासूनच सुरुवात केली. आज ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे, आजा-आजीजवळ राहून पोराने गावातच शिकावे अशी तिची रचना आहे. पण ती सुरू होते कधी? कुटुंबे दिवाळीत जातात. मंजुरी महिनाभराने आली तर पोर बैलगाडीबरोबर गेलेले असते. मंजुरी ऑक्टोबरच्या आत द्या, एवढेच म्हणणे आहे.

आता थोडे आपल्याकडे बघू. आपल्यातले बहुतेक जण पाच-सात एकरांचे धनी आहेत आणि वेचणीला दुसऱ्याच्या घरची माणसे लावतात. वावरात पोरे कोणाची येतात? आपली पोरे वाशीम-कारंज्याला खोली करून शिकतात, मजुराची पोरे आपल्या काट्यावर ओटा घेऊन येतात, आणि आपण तो तोलून घेतो. "तिच्या आईनंच आणलं, मी कशाला नाही म्हणू," हे उत्तर आम्ही खूपदा ऐकले आहे, दिलेही आहे. मजूर मिळत नाही हे खरे. वेचणी लांबली की फुटलेला कापूस लोंबतो, खाली पडतो, कचरा लागतो, भाव उतरतो. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षाअखेरपर्यंत उठवले. अशा बाजारात किलोला दोन रुपये जास्त द्या म्हणणे सोपे नाही. भावाची लढाई चालू राहील. तोवर आठवीतली पोरगी आठवीतच थांबून राहणार नाही. म्हणून कार्यकारिणीने सुचवले आहे की आपल्या कार्यकर्त्यांनी तरी शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेत, चौदा वर्षांखालच्या मुलाचा कापूस तोलू नये. यावर मतभेद आहेत, ते जिल्हा बैठकीत उघडपणे मांडावेत.

तोवर घरोघरी करण्यासारखे काही आहे. मूल दोन दिवसांपेक्षा जास्त घरी राहणार असेल, आजारपणाने असो की लग्नाने, तर गुरुजींना चिठ्ठी द्या आणि चिठ्ठीवर तारीख घाला. न सांगता राहिलेले पोर महिन्याभरात 'शाळाबाह्य' होते, सांगितलेल्याचा निदान कागद असतो. बाहेरगावी कामाला जात असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवून तिकडच्या शाळेत पोराला बसवता येते, आणि दाखला मिळायला उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असे कायद्याचे पाचवे कलम आहे. परत आल्यावर वयानुसार वर्गात बसवण्याची आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा करून घेण्याची सोय चौथ्या कलमात आहे. गुरुजींना ते माहीत असते, विचारले तर सांगतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. तुमच्या गावच्या समितीवर कोण आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर बहुधा ती गुरुजींनीच कागदावर केली आहे. गुरुजींवर हजेरीच्या ॲपचे, निवडणुकीचे, पाहणीचे ओझे आहे हेही लक्षात असू द्या. हजेरी मोबाइलवर भरायला लावून पोर वर्गात येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने दोन आकडे आणायचे आहेत. एक, शाळेच्या हजेरीपटावरून सप्टेंबरची आणि डिसेंबरची वर्गवार हजेरी, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. मुख्याध्यापकांना समितीच्या पालक सभासदांनी मागितली तर ती मिळते. दुसरा आकडा कोणाच्या दप्तरात नाही, तो बायांना विचारून लिहायचा आहे: वेचणीच्या दिवसांत धाकटे लेकरू सांभाळायला गावात किती पोरी घरी राहिल्या. नावे लिहू नका, वर्ग लिहा.